डावीकडून तिसरा मुडदा

१

मला भुताचे पिक्चर आवडतात, आणि त्यातही भिकार असतील ते जास्त. गिरणीत माझी यावरून पुष्कळ टिंगल होते. पण खर्चिक पिक्चरमध्ये चूकच सापडत नाही, मग माणसानं तीन तास बघायचं काय? भिकार पिक्चरमध्ये वटवाघूळ दोऱ्यावर उडतं, आणि आम्ही पडलो विणकर. दोरा दिसला की पुढच्या बाकड्यावरून कुणीतरी ओरडतं, "चाळीस नंबरचं सूत हाय!" दुसरा म्हणतो, "छट्, वीस नंबर." या वादात वटवाघूळ नायिकेच्या मानेला कधी डसलं ते कुणाला कळत नाही. चंद्रावरची माती म्हणजे ज्वारीचं पीठ असतं. राक्षसाच्या रबरी हातमोज्याखाली मनगटी घड्याळ फुगून दिसतं. मध्यरात्र म्हणतात आणि सावल्या भर दुपारच्या असतात.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. ज्यांच्याजवळ पैसा नसतो त्यांना राक्षस फार वेळ दाखवता येत नाही, म्हणून ते दार दाखवतात. नुसतं बंद दार आणि पलीकडून काहीतरी घासल्याचा आवाज. फिल्म नीट कापायलाही माणूस ठेवलेला नसतो, त्यामुळे ते दार हवं त्याहून जास्त वेळ पडद्यावर राहतं. त्या जास्तीच्या वेळात मी खरोखर घाबरतो. हे मी गिरणीत कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक मजा फक्त आम्हा गिरणीवाल्यांची आहे. विणाई खात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालतात. तिथं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठांवरून बोलतो. आवाज काढायचा नाही, तोंड जरा मोठं उघडायचं, समोरचा चार साचे पलीकडून वाचतो. पोराबाळांची चौकशी, खात्याच्या मुकादमाला, म्हणजे जॉबरला, शिव्या, सगळं असंच चालतं. स्वस्तातल्या पिक्चरमध्ये आवाज मागाहून घाईघाईनं भरलेला असतो. नायिका "बचाओ" म्हणून किंचाळते तेव्हा तिचे ओठ म्हणत असतात, "एक, दो, तीन, चार." बाकीचं थेटर घाबरलेलं असतं आणि आम्ही खिदळत असतो.

२

माझा धाकटा भाऊ तिप्पण्णा माझ्याच शेजारच्या साच्यावर होता. दिसायला बरा, कामात कच्चा. पिक्चरमध्ये काम करायचं म्हणून तो गिरणी सोडून मुंबईला गेला. पहिल्या दिवाळीला आला, पुढच्या दिवाळीला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आमची आई नागव्वा. आमचं घर मूळचं कानडी, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणतो. जन्मभर गिरणीत सुताच्या कांड्या भरल्या, त्यात तिचे कान गेले. आता तिच्याशी बोलायचं तर तिच्या समोर उभं राहून ओठ हलवायचे. ती मात्र उत्तर मोठ्यानं देते, गल्लीला ऐकू जाईल असं. तिप्पण्णा तिचा लाडका. त्याचा विषय निघाला की ती एकच म्हणायची, "जेवतो का न्हाई कुणाला ठावं."

मग मुंबईहून आलेल्या गल्लीतल्याच एकानं बातमी आणली की 'धूमकेतु की लाश' नावाच्या पिक्चरमध्ये तिप्पण्णा आहे. कोण म्हणून आहे, तर मुडदा म्हणून. "शूटिंग होऊन लई दिवस झाले," तो म्हणाला. "त्या कंपनीचं हापिसबी बंद पडलंय. त्यानंतर तिप्पण्णा काय दिसला न्हाई बघा."

वैशाखात तो पिक्चर सोलापूरला लागला. पहिल्या रविवारी मी, माझी बायको रुद्राणी आणि अव्वा, तिघं गेलो. अर्धी गिरणी तिथं होती.

पिक्चर माझ्या आवडीचा होता, म्हणजे अगदीच टाकाऊ. एक शास्त्रज्ञ धूमकेतूची वीज पकडून मेलेल्यांना उठवतो. त्याचं यंत्र म्हणजे पिठाच्या गिरणीचं चाक आणि रंगीत दिवे, तेही काळ्यापांढऱ्या पिक्चरमध्ये. मध्यंतरानंतर ते दार आलं. दार उघडलं. आत भिंतीला टेकवून मुडदे ओळीनं उभे, तोंडाला पावडर फासलेले. शास्त्रज्ञ खटका ओढतो, नगारे वाजतात आणि मुडद्यांचे ओठ हलायला लागतात. डावीकडून तिसरा आमचा तिप्पण्णा.

त्याला बहुतेक सांगितलं असेल, तोंड हलव, काहीही बोल. तो सरळ कॅमेऱ्यात बघत होता. जाणता माणूस असं करत नाही, आणि केलं तर चांगला दिग्दर्शक ते कापतो. इथं कापायला कोण बसलंय? जो असा कॅमेऱ्यात बघतो तो थेटरात तुम्ही कुठंही बसा, तुमच्याकडंच बघतो. नगाऱ्यांच्या गदारोळात तिप्पण्णाचे ओठ गिरणीतल्यासारखे मोठे उघडले.

"अव्वा, जेवलीस का?"

थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. शिट्ट्या, टाळ्या, कुणी टोप्या उडवल्या. बाहेरगावचे चारदोन प्रेक्षक इकडंतिकडं बघत राहिले, मुडदे उठल्यावर या गावात टाळ्या का वाजवतात म्हणून. आणि त्या सगळ्याच्या वर अव्वाचा आवाज आला, "व्हय रं लेका, जेवले की! तू?"

मी हसलो आणि रडलोही. पोरगा आहे, बरा आहे, आईला विसरलेला नाही, असं मला वाटलं.

३

पिक्चर आठवड्यात निघून जायचा, तो गिरणीवाल्यांनी चालवला. अव्वा रोज तीनच्या खेळाला जायला लागली. दारावरचा माणूस तिला तसाच आत सोडायचा. म्हातारीला विरंगुळा झाला म्हणून मीही खूश होतो. मी सकाळच्या पाळीवरून येऊन जेवायचो तेव्हा ती निघायच्या तयारीत असायची. संध्याकाळी ती तिप्पण्णाच्या गोष्टी सांगायची.

"आज इचारला, पायाला काय बांधलीस म्हणून."

तिच्या पायाला आदल्या दिवशी खिळा लागला होता आणि रुद्राणीनं हळद दाबून चिंधी बांधली होती. मी रुद्राणीकडं बघून हसलो. म्हातारी माणसं मनानं चार वाक्यं जोडतात, त्यात काय एवढं. पुढच्या दिवशी म्हणाली, "तिप्या म्हणतोय, अण्णाला एकदा घिऊन ये." अण्णा म्हणजे मी. मला तिची कीव आली. रविवारी तिच्याबरोबर गेलो.

दार उघडलं. मुडदे. खटका. नगारे. तिप्पण्णानं माझ्याकडं बघितलं, म्हणजे कॅमेऱ्याकडं, आणि त्याचे ओठ म्हणाले, "आलास की, अण्णा."

माझ्या शेजारी आमच्याच खात्यातले दोघं बसले होते. ते नेहमीसारखे ओरडले, "जेवले, जेवले!" अव्वा मात्र मान डोलावत होती. मी त्या दोघांना विचारलं, आत्ता तो काय म्हणाला? ते म्हणाले, "नेहमीचंच की, अव्वा जेवलीस का. झोपलास काय कल्लप्पा?"

घरी येताना मी डोकं लढवलं. पहिल्या दिवशी गोंगाटात मी अर्धंच वाचलं असेल. तो दोन वाक्यं बोलला असेल आणि तुटलेली फिल्म जोडताना कधी एक पुढं येत असेल, कधी दुसरं. मोठा भाऊ बघायला येणार हे तर त्याला माहीतच होतं, तेव्हा आलास की म्हणणं अगदी साहजिक आहे. एवढं सगळं जुळवलं आणि तरी रात्री उठून दाराची कडी दोनदा बघितली.

४

दोन दिवसांनी अव्वानं ट्रंक उघडून चादर काढली. आमच्या लग्नातली, चांगली जाड. एका कोपऱ्याचे गोंडे उंदरानं कुरतडले होते, ते अव्वानं आखूड गाठी मारून सारखे केले होते. बाहेर डांबर वितळत होतं आणि ती चादर बगलेत मारून निघाली.

"कुटं निघालीस चादर घिऊन?" मी तिच्या समोर जाऊन विचारलं.

"तिप्याला गार वाजतंय. तितं लई गार हाय म्हणतोय."

रुद्राणी चुलीपुढून म्हणाली, "जाऊ द्या वो. बसायला घेत्यात."

संध्याकाळी अव्वा मोकळ्या हातानं परत आली. "दिली," एवढंच म्हणाली आणि हातपाय धुऊन जेवायला बसली. मी तसाच थेटरात गेलो, दारावरच्या माणसाला घेऊन बाकड्यांखाली बघितलं. शेंगांची टरफलं आणि विड्यांची थोटकं होती. चादर नव्हती. चांगली चादर सोलापुरातसुद्धा कुणी सोडत नाही, असं तो म्हणाला, आणि ते मला पटलं.

दुसऱ्या दिवशी रुद्राणीला बळंच घेऊन गेलो. दार उघडलं आणि पुढची बाकडी हसायला लागली. "आपली चादर! आपली चादर!" तिप्पण्णाच्या खांद्यावरून चादर होती. ठळक नक्षी, सोलापूरची म्हणून आंधळाही ओळखेल अशी. बाकीचे मुडदे पांढऱ्या कपड्यात. चादरीच्या खालच्या कोपऱ्याचे गोंडे बाकीच्यांपेक्षा आखूड होते, की मला तसे दिसले? एवढ्यात दृश्य संपलं.

मी रुद्राणीचा हात धरला. "ही चादर आधी होती?"

"पैल्या दिवसापासनं होती की," ती म्हणाली. "मी तवाच म्हणले न्हवतं का, भुताला सोलापुरी चादर म्हणून?"

ती म्हणाली असेलही. मला आठवत नव्हतं. ज्या लोकांनी पिठाच्या गिरणीचं चाक यंत्र म्हणून खपवलं, त्यांनी मुडद्याला मिळेल ती चादर घातली असेल, आणि तिप्पण्णा सोलापूरचा, तोच घेऊन गेला असेल. मी चांगला पंधरा वर्षं सूत बघतोय, पण पडद्यावरचे गोंडे मोजून शपथ घेता येत नाही.

"तो काय बोलला मग?" मी विचारलं.

"जेवलीस का. दुसरं काय?"

मी वाचलं होतं ते वेगळं होतं. तिप्पण्णा म्हणाला होता, "माझ्या शेजारी जागा हाय, अव्वा."

५

त्या दिवसापासून मी अव्वाला थेटरात जाऊ दिलं नाही. पिक्चर गेला म्हणून सांगितलं. ती बहिरी आहे, खुळी नाही. चौकातला बोर्ड तिला दिसत होता. मग तीनच्या खेळाच्या वेळी दाराला बाहेरून कडी घालायला सांगितलं. रुद्राणीनं ते केलं, पण माझ्याशी नीट बोलेना.

अव्वा भांडली नाही. तिनं फक्त जेवण सोडलं. ताट समोर ठेवलं की म्हणायची, "तो इचारतोय तवा मी जेवले म्हणून सांगते. आता कुणाला सांगू?" तीन दिवस ती पाण्यावर राहिली. मी गिरणीत साच्यापुढं उभा राहायचो आणि धोटा इकडून तिकडं जाताना मला तेच दिसायचं, तिचं भरलेलं ताट.

गुरुवारी पिक्चर उठणार होता. त्या सकाळी ती म्हणाली, "कल्लू, एकदा ने. शेवटचं. मग मी जेवीन."

मी नेलं. मुलानं दुसरं काय करायला पाहिजे होतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मागच्या ओळीत, भिंतीला लागून बसलो. तिचा हात मी पहिल्यापासून दोन्ही हातांत धरून ठेवला. मी मनाशी ठरवलं होतं की दार उघडलं की पडद्याकडं बघायचंच नाही. तिच्या तोंडाकडं बघायचं.

दार उघडल्याचं मला आवाजावरून कळलं. पडद्याचा पांढुरका उजेड तिच्या तोंडावर पडला. नगारे सुरू झाले. ती टक लावून बघत होती, आणि गेल्या कित्येक महिन्यांत नव्हती एवढी ती खूश दिसत होती. मग तिचे ओठ हलले. जन्मभर मोठ्यानं उत्तर देणारी माझी आई या वेळी आवाज न काढता बोलली. आमच्या घरच्या कानडीत.

"बंदे," ती म्हणाली. आले.

मी पडद्याकडं बघितलं. दृश्य संपलं होतं. दार पुन्हा बंद झालं होतं आणि नुसतं ते दार दिसत होतं. ते किती वेळ राहिलं मला सांगता येणार नाही. पलीकडून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. माणूस पाय ओढत, गर्दीत जागा करून घेत उभा राहतो तसा.

अव्वाचा हात माझ्या हातात होता. थेटरात घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तिचा हात गार होता.

६

ती माझ्याबरोबर चालत घरी आली. तिप्पण्णाचं नाव काढलं नाही. रुद्राणीनं ताट वाढलं आणि नंतर ते उचललं तेव्हा रिकामं होतं. मला केवढं हायसं वाटलं! पिक्चर बार्शीला गेला होता आणि आई घरात होती.

फक्त ती बोलेनाशी झाली. खोलीत पलीकडच्या भिंतीला टेकून उभी राहते किंवा बसते. मी गिरणीतून आलो की माझ्याकडं बघते, ओठ मोठे उघडते, आवाज न काढता विचारते, "जेवलास का?" मी व्हय म्हणतो. थोड्या वेळानं पुन्हा विचारते, "जेवलास का?" रुद्राणी म्हणते, वय झालं, म्हातारी माणसं एकच धरून बसतात. रुद्राणी दिवसभर घरात असते, तिला माझ्याहून जास्त माहीत, असं मी म्हणत होतो.

परवा आमच्या गिरणीतला टाइमकीपर सिद्धलिंगप्पा बार्शीला लग्नाला जाऊन आला. हजेरी घेताना हसत म्हणाला, "कल्लप्पा, तुझ्या आईनंबी पिक्चरमधे काम केलंय, ते कवा बोलला न्हाईस?"

मी म्हटलं, काय बोलता?

"अरे, तो धूमकेतूचा. वऱ्हाडातल्या पोरांनी नेलं मला. तुझा भाऊ उभा हाय, आणि त्याच्या शेजारी तुझी आई. एकाच चादरीत दोघं. तिला आम्ही वळखणार न्हाई व्हय? एवढी वर्सं तिची हजेरी मांडली."

"काय बोलती ती?" मी विचारलं.

"मला कुटं तुमच्यासारखं वाचाया येतंय?" तो म्हणाला. "पण लई बोलती बाबा. बाकीचे मुडदे आपले आ आ करत्यात, ती सारखी बोलती. सरळ म्होरं बघून. कुणाला तरी सांगतीया असं वाटतंय बघ."

मी घरी आलो. अव्वा भिंतीशी उभी होती. मी तिच्या समोर जाऊन, सावकाश ओठ हलवून विचारलं, "अव्वा, तू कुटं हायस?" तिनं विचारलं, "जेवलास का?" मी दाराकडच्या कोपऱ्यात गेलो. मग चुलीकडच्या कोपऱ्यात गेलो. मग अगदी तिच्या बाजूला, भिंतीला लागून उभा राहिलो. तिनं मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. आणि प्रत्येक ठिकाणाहून ती माझ्याकडंच बघत होती.

पिक्चर आता लातूरला लागलाय. मी उद्याची रजा टाकली आहे. रुद्राणीला सिद्धलिंगप्पाचं सगळं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा अव्वाकडं नीट बघत राहिली. मग उठून तिनं घरातली दुसरी चादर ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"जाऊ नका," ती म्हणाली. "तितं जाऊन तुमी काय करणार?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवलीस का, एवढंच विचारून येतो."